चढलेल्या पाण्यातली गंगा, कौडियाला ते शिवपुरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जूनमध्ये आणि सप्टेंबरात ऋषिकेशला राफ्ट (हवा भरलेली रबरी बोट) किंवा कयाक (अरुंद, हलकी वल्ह्याची बोट) घेऊन उतरू पाहणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. खाली डावा-उजवा काठ म्हटलं आहे तो नदी वाहते त्या दिशेला तोंड करून.

1. हा टप्पा नेमका कुठला?

देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात, तिथून ऋषिकेशपर्यंत सुमारे 70 किलोमीटर गंगा डोंगरातून वाहते. राफ्टिंगसाठी वापरला जाणारा भाग त्याचा खालचा अर्धा, म्हणजे कौडियालापासून पुढचा. वरून खाली येताना कौडियाला, ब्यासी, मरीन ड्राईव्ह (मुंबईकर इथे हमखास हसतात), शिवपुरी आणि ब्रह्मपुरी असे बोटीत चढण्या-उतरण्याचे थांबे लागतात. घळ अरुंद आहे ती कौडियाला ते शिवपुरीच्या पट्ट्यात. डॅनियल्स डिप आणि द वॉल हे रॅपिड (खळाळत्या, वेगवान पाण्याचे टप्पे) सुरुवातीलाच आहेत. या पानावरची बहुतेक उत्तरं याच पट्ट्याची.

2. जाहिरातीत 'ग्रेड 4' लिहिलंय. म्हणजे किती अवघड?

आंतरराष्ट्रीय मोजपट्टी 1 ते 6 अशी आहे. ग्रेड 3 मध्ये लाटा मोठ्या असतात, पण वाट दिसते आणि चूक झाली तरी सावरायला जागा मिळते. ग्रेड 4 मध्ये धार जोरकस असते, ठरलेल्या जागी ठरलेल्या क्षणी वळावंच लागतं, आणि पाण्यात पडलेल्याला सहसा दुसऱ्यांनीच बाहेर काढावं लागतं. ग्रेड 5 मध्ये चुकीची किंमत जिवावर बेतू शकते. ग्रेड 6 व्यवहारात कोणी जातच नाही असं.

जाहिरातीतला ग्रेड नेहमीच्या पातळीचा असतो, हे कुठेच छापलेलं नसतं. पाणी अतिथंड असेल किंवा मदत दूर असेल, तर ग्रेड एकाने वाढवून धरावा, अशी या खेळातली जुनी शिस्त आहे. चढलेल्या पाण्यालाही तीच लावा. पुस्तकात 4 असेल तर मनात 5 धरून निर्णय घ्या.

3. कोलाडला कुंडलिकेवर आठ-दहा वेळा गेलोय. इथे जमेल ना?

पॅडल कसं धरायचं, आज्ञा कशा पाळायच्या, पडल्यावर घाबरायचं नाही, एवढं तिथून नक्की मिळतं. पाणी मात्र वेगळ्या जातीचं आहे. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून आलेलं पाणी रोज ठरावीक वेळी, जवळपास ठरावीक पातळीला सुटतं. पात्र अरुंद आहे, पाणी कोमट असतं आणि पडलेला माणूस दोन मिनिटांत काठाला लागतो. गंगेत काठ लांब, पाणी बर्फाचं, आणि पातळी रोज वेगळी.

खडकवासल्याच्या बातम्यांमुळे 'क्युसेक' आपल्या ओळखीचं आहे. नदीवाले 'क्युमेक' बोलतात. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच दर सेकंदाला एक टन पाणी, अर्थात सुमारे 35 क्युसेक. गंगेचे आकडे ऐकताना आधी हे रूपांतर करा, नाहीतर शेकड्यातला आकडा किरकोळ वाटतो.

4. पाणी वाढलं की खडक बुडतात. मग उलट सोपं नाही का होत?

काही ठिकाणी होतं, आणि म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे. छोटे रॅपिड खरोखर विरून जातात. पण घळीत पाण्याला आडवं पसरायला जागा नसते. ते वर चढतं आणि वेग घेतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा दाब चौपट होतो.

एकच खडक घ्या. पाणी कमी असताना तो उघडा दिसतो, तुम्ही बाजूने जाता. पाणी चढून त्याच्या माथ्यावरून वाहू लागलं की पलीकडे खाली कोसळतं आणि उलटं फिरून परत खडकाकडे येतं. यालाच होल म्हणतात, आणि ते राफ्टसुद्धा धरून ठेवतं. पाणी आणखी दोन-तीन मीटर वाढलं की तिथे फक्त मोठी लाट उरते. म्हणजे प्रत्येक खडकाची स्वतःची एक वाईट पातळी असते. आज पाणी वाढलं म्हणून हा रॅपिड सोपा झाला असेल, तर तेवढ्याच वाढीने खालचा कुठलातरी आपल्या वाईट पातळीवर आलेला असतो. गेल्या मार्चमध्ये पाठ केलेली वाट जूनमध्ये चालत नाही, त्याचं कारण हे.

दुसरा बदल कमी दिसतो, पण जास्त भोवतो. एरवी दोन रॅपिडच्या मध्ये संथ डोह असतो. पडलेले लोक, सुटलेली पॅडलं, उलटलेली राफ्ट, सगळं तिथे गोळा करता येतं. पाणी चढलं की डोह आखडतात, रॅपिड एकमेकांना जोडले जातात. पहिल्यातला घोळ निस्तरायच्या आत दुसरा सुरू होतो.

तिसरी गोष्ट काठाची. एरवी जिथे थांबतो त्या वाळूच्या पुळणी बुडतात आणि धार काठावरच्या झुडपांतून वाहू लागते. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. तो गाळणीत अडकल्यासारखा तिथेच दाबला जातो. काठ जवळ दिसतो म्हणून झुडपांकडे पोहू नका.

5. पाणी कधी चढलेलं असतं आणि राफ्टिंग कधी बंद असतं?

डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी आणि निळं-हिरवं. मार्चनंतर बर्फ वितळू लागतो, मेअखेर पाणी चांगलंच वर येतं आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर गढूळ होतं. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग सरकारी आदेशाने बंद असतं. सप्टेंबरात पातळी पाहून पुन्हा सुरू होतं. जूनच्या शेवटी पाणी लवकर वाढलं तर 30 तारखेच्या आधीही थांबवतात.

अडचण अशी की चारधामला जाणाऱ्या आपल्याकडच्या गटांची सुट्टी नेमकी मेअखेर ते जून. 'परतताना ऋषिकेशला राफ्टिंग' हे कार्यक्रमपत्रिकेत आधीच छापलेलं असतं. ते 'पाणी पाहून' असं छापावं.

6. पाणी चढतंय हे काठावर उभं राहून कसं ओळखायचं?

पाण्याच्या कडेला, जिथे लाट लागत नाही अशा जागी, एक काटकी रोवा किंवा दगडावर ओली रेघ कुठे आहे ते पाहून ठेवा. पंधरा मिनिटांनी परत बघा. काटकी चार बोटं बुडाली असेल, तर निघायचं पुढे ढकला.

बाकीच्या खुणा अशा:
- पाण्यावर काटक्या, पालापाचोळा, पिवळट फेसाचे गोळे वाहत येणं. वाढतं पाणी काठावरचा कचरा उचलतं, उतरतं पाणी तो काठावर सोडून जातं.
- काठाचे दगड वरपर्यंत कोरडे. पाणी उतरत असेल तर पातळीच्या वर ओला किंवा चिखलाचा पट्टा दिसतो. तो नसेल तर पाणी स्थिर आहे किंवा चढतंय.
- रंग अचानक गढूळ होणं. वर कुठेतरी पाऊस किंवा दरड.

डोक्यावर आभाळ निरभ्र असणं ही खूण नव्हे. इथलं पाणी चमोली-रुद्रप्रयागच्या पावसाने वाढतं. वरच्या खोऱ्यांत 'सकाळी पाणी कमी, संध्याकाळी जास्त' हा वितळत्या बर्फाचा नियम चालतो. इथपर्यंत येताना अंतर आणि धरणं मिळून तो मोडतात. त्यावर वेळ ठरवू नका.

7. धरणातून अचानक पाणी सोडलं तर?

भागीरथीवर टिहरीचं 260.5 मीटर उंच धरण आहे आणि त्याखाली कोटेश्वर. विजेच्या मागणीप्रमाणे तिथून पाणी सुटतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी हलते. अलकनंदेवर श्रीनगरला प्रकल्प आहे, पण टिहरीसारखा प्रचंड साठा नाही. वरून लोंढा आला की तो पुढे सोडावाच लागतो. देवप्रयागच्या संगमावर हे डोळ्यांनी दिसतं. धरणात गाळ बसलेली भागीरथी हिरवट, तर अलकनंदा पावसाळ्यात मातकट. कौडियालाला पाणी मातकट आणि चढतं दिसलं, तर वाढ बहुधा अलकनंदेची असते, आणि ती कुठल्या वेळापत्रकात बसत नाही.

7 फेब्रुवारी 2021 ला चमोलीत, अलकनंदेच्या वरच्या अंगाला, ऋषीगंगा-धौलीगंगेचा लोंढा आला, तेव्हा टिहरीचा विसर्ग थांबवून खाली जागा करण्यात आली होती. भर हिवाळ्यातला, लख्ख उन्हाचा दिवस होता तो.

भोंगा ऐकू आला किंवा पोलिसांनी काठ सोडायला सांगितलं, तर बोटी खाली ठेवून आधी माणसं वर चढवा.

8. जल आयोगाचा आकडा धोक्याच्या पातळीच्या खूप खाली आहे. मग हरकत काय?

तो आकडा शहरासाठी आहे. केंद्रीय जल आयोगाच्या नोंदीत ऋषिकेशची इशारा पातळी 339.50 मीटर आणि धोक्याची 340.50 मीटर आहे. घाटावर पाणी शिरायची ती पातळी. राफ्टिंग त्याच्या बरंच आधी थांबलेलं असतं. या आकड्याचा खरा उपयोग कल पाहायला होतो. काल सकाळी, काल संध्याकाळी आणि आज सकाळी, असे तीन आकडे मांडा. चढते असतील तर प्रश्न 6 मधली काटकी आणखी काळजीने बघा.

9. 'द वॉल' चढलेल्या पाण्यात करावा का?

व्यावसायिक राफ्टमधून, पहिल्यांदा आलेल्या लोकांना घेऊन, नाही. इथे धार मोठमोठ्या लाटांतून सरळ कड्याच्या दिशेने जाते. राफ्ट लाटेवर तिरकी झाली की उलटते आणि माणसं कड्याच्या बाजूला फेकली जातात. पाणी चढलं की कड्यावर आदळून परतणारं पाणी आणि येणारी धार एकमेकांत घुसतात, त्यातून जागा बदलणाऱ्या लाटा आणि उमाळे तयार होतात. उमाळा म्हणजे तळातून उसळून वर येणारं पाणी. त्यावर पॅडलला पकड मिळत नाही.

यातून जाण्यापेक्षा बोट काठाने उचलून न्या, किंवा थेट खालच्या थांब्यावरून सुरुवात करा. बरेच गाईड जूनमध्ये हेच करतात. ते पैसे वाचवतायत असं समजून वाद घालू नका.

अपवाद तयारीच्या कयाकरचा: मोठ्या पाण्यात दोन्ही बाजूंनी खात्रीचा रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं), खाली दोन जण बचावाला उभे, आणि रॅपिड काठावरून पूर्ण पाहिलेला. तिन्हीपैकी एक नसेल तर उचलून न्या.

10. रॅपिड काठावरून पाहायचा म्हणजे नक्की काय पाहायचं?

खालून वर पाहत या. आधी रॅपिड संपतो कुठे आणि त्यानंतर काय आहे, मग मधले धोके, मग वाट, आणि सगळ्यात शेवटी शिरायची जागा. बहुतेक जण वरून खाली बघतात, आणि पहिल्याच लाटेत गुंततात.

वेग मोजा. काठावर 40 पावलं, म्हणजे ढोबळ 30 मीटर, मोजून एकाला तिथे उभं करा आणि एक काटकी धारेत टाका. साडेसात सेकंदांत पोहोचली तर वेग सेकंदाला 4 मीटर, ताशी सुमारे 14 किलोमीटर. चांगला कयाकर संथ पाण्यात ताशी 7-8 ने जातो, म्हणजे धारेविरुद्ध टिकणं शक्यच नाही. आता आडवं जायचं गणित करा. 30 मीटर आडवं, सेकंदाला दीड मीटरने, म्हणजे 20 सेकंद. तेवढ्यात धार तुम्हाला 80 मीटर खाली नेते. होल चुकवायचं असेल तर वळायला त्याच्या 80 मीटर वरून सुरुवात व्हायला हवी, आणि तिथून ते दिसतही नसतं. म्हणून काठावरची खूण धरून ठेवा: पांढरा दगड, वाकलेलं झाड, काहीही. पाण्यातल्या खुणा लाटांच्या मागे गडप होतात.

11. लाईफजॅकेट बरोबर बसलंय हे कसं तपासायचं?

सगळे पट्टे आवळा, आधी कमरेचा, मग वरचे. दुसऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे. पहिल्या रॅपिडनंतर पुन्हा आवळा, कारण ओलं झाल्यावर फोम आणि कपडे दबतात.

कयाकिंगची हलकी जॅकेटं साधारण 50 न्यूटन उचल देतात, म्हणजे पाच किलो. उमाळे आणि फेस असलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, तिथे ही उचल कमी पडते. राफ्टमधल्यांनी जाड, जास्त उचलीचं घ्यावं, दिसायला बेढब असलं तरी.

12. पडलो तर काय करायचं?

पहिल्या काही सेकंदांत थंडीने श्वास धापा टाकत आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. तोंड मिटून हाताने झाका आणि धाप ओसरू द्या.

मग पाठीवर या, पाय खालच्या दिशेला, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ. लाटेच्या माथ्यावर पाणी फुटतं, म्हणून श्वास खड्ड्यात असताना घ्या आणि माथा येताना रोखा. माणूस यात उलटं करतो. वर आलो की तोंड उघडतो आणि फुटलेली लाट गिळतो. चढलेल्या पाण्यात कुठेही न अडकता, जॅकेट घालून, नुसतं एकामागून एक लाटा गिळूनही माणूस दगावतो. लांब पोहणं हाच इथला मुख्य धोका आहे.

म्हणून फार वेळ पाठीवर पडून राहू नका. राफ्ट किंवा बचावाची कयाक दिसली की पालथे व्हा आणि जीव तोडून तिकडे पोहा. गाईड हाताने दाखवतो ती नेहमी सुरक्षित दिशा असते, धोका कधीच दाखवत नाहीत. उभं राहायचा प्रयत्न करू नका. वाहत्या पाण्यात पाय दगडांत अडकला की धार माणसाला पुढे पाडते. हात तळाला लागेपर्यंत पोहत राहा.

13. भोवऱ्यात सापडलो तर?

धार आणि काठाचं उलटं फिरणारं पाणी जिथे घासतात, त्या रेघेवर भोवरे होतात. त्यातले बहुतेक फिरत फिरत खाली सरकतात आणि विरतात. श्वास भरून घ्या, हातपाय आवळा, जॅकेटला वर आणू द्या. सुरुवातीलाच झगडलात तर श्वास संपतो. ही रेघ ओलांडायची असेल तर हळूहळू किंवा तिच्या कडेकडेने जाऊ नका. काटकोनाच्या जवळच्या कोनातून, जोरात हात मारून, एका झटक्यात पार व्हा.

14. राफ्ट उलटली आणि मी खाली अडकलो तर?

खाली हवेची पोकळी असते, पण तिथे रमू नका. हात वर लावून एकाच दिशेने सरकत बाहेर या आणि कडेची दोरी धरा. राफ्टच्या वरच्या अंगाला, म्हणजे धार येते त्या बाजूला राहा, म्हणजे खडक आला तर राफ्ट आणि खडकाच्या मध्ये तुम्ही नसाल. पॅडलच्या टोकाची मूठ सोडू नका. लोकांचे दात त्या मुठीनेच पडतात.

गाईड कमरेच्या पट्ट्याला कॅराबिनर (उघडता येणारी धातूची कडी) लावून, राफ्टवर चढून, मागे झुकून ती सरळ करतो. लाटांमध्ये ते जमेलच असं नाही. तोवर उलट्या राफ्टवर चढून बसणं पाण्यात असण्यापेक्षा बरं.

15. कयाकमध्ये रोल पहिल्यांदा चुकला. बोट सोडायची?

लगेच नाही. मोठ्या लाटेत उलटलात तर दोन-तीन सेकंद पुढे वाकून थांबा, खळबळ मागे जाऊ द्या, मग मारा. तीन प्रयत्नांपर्यंत बोटीत राहणं योग्य, कारण बाहेर आलात की प्रश्न 12 सुरू होतो. अपवाद: खाली कडा, झुडपं किंवा मोठं होल दिसलेलं असेल, तर पहिला चुकताच बाहेर पडून पोहायला लागा.

16. काठावरून थ्रो-बॅग टाकणारा आहे. मग काळजी मिटली ना?

पिशवीत दोर साधारण 20 मीटर असतो आणि चांगला फेकणारा खात्रीने 15 मीटर पोहोचवतो. चढलेली गंगा त्याच्या कितीतरी पट रुंद. सेकंदाला 4 मीटर वेगाने वाहणारा माणूस फेकणाऱ्याच्या टप्प्यात सात-आठ सेकंद असतो. पहिला नेम चुकला तर दोर गोळा करून पुन्हा फेकायला वेळ उरत नाही. म्हणून इथे मुख्य बचाव बोटींचा. एका राफ्टमागे किमान एक बचाव-कयाक नसेल तर निघू नका. दोर हातात आला तर छातीशी धरा, खांद्यावरून मागे घ्या आणि पाठीवर राहा. मनगटाला गुंडाळू नका.

17. पोहत डाव्या काठाला लागलो. रस्ता तर पलीकडे!

हो, ऋषिकेश-बद्रीनाथ महामार्ग उजव्या काठाने जातो आणि पूल मोजकेच आहेत. तिथेच वर चढून बसा, शिट्टी वाजवा. तीन वेळा म्हणजे संकट. परत ओलांडायचा प्रयत्न एकट्याने करू नका. काठाकाठाने खाली चालत जाणंही टाळा, घळीत कडा मध्येच पाण्यात उतरतो. गटाने निघण्याआधीच ठरवून ठेवावं: डावीकडे कोणी लागला तर कोणती बोट घ्यायला जाईल.

18. पोहता येत नाही. जाऊ का?

थंडीत, कमी पाण्यात, शिवपुरीच्या खाली जा. चढलेल्या पाण्यात या पट्ट्यात नको. 14 वर्षांखालच्या मुलांना नियमाप्रमाणेही नेत नाहीत.

19. हेल्मेटवर कॅमेरा लावू का? आणि चष्मा?

चष्म्याला मागून घट्ट दोरी. कॅमेरा नको. त्याची बैठक दोरीत किंवा फांदीत अडकते आणि हनुवटीचा पट्टा गळ्याशी ओढला जातो.

20. पैसे भरलेत, गटातले सगळे तयार आहेत, मला एकट्याला नको वाटतंय. मध्येच उतरता येतं का?

येतं, फक्त कुठे ते निघण्याआधी विचारा. महामार्ग वर असला तरी घळीत सगळीकडून रस्त्यावर चढता येत नाही. मरीन ड्राईव्ह आणि शिवपुरी हे सोपे थांबे. ब्यासीच्या वर, द वॉलच्या आधी सांगितलंत तर बोट काठाला लावून चालत वळसा घालता येतो. गाईडला मोठ्याने सांगा, शेजाऱ्याच्या कानात नको. अर्ध्या मनाने बसलेला माणूस मोठ्या लाटेत पॅडल मारणं थांबवतो, आणि ज्या बाजूचं पॅडल थांबतं तिकडे राफ्ट वळते.